ठिपक्यांचं घर

चष्मेवाल्याने प्लस एकची काच लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरली. मग ती ठेवून प्लस दोनची धरली. चित्र मोठं झालं, स्पष्ट काही होईना. पडद्यावरच्या घराच्या भिंती, खिडक्या, जिना, सगळं चौकोनी ठिपक्यांचंच राहिलं. त्याने काच फडक्याने पुसली आणि पुन्हा बघितलं.

"बाबा, काचा ठेवा खाली." फोन काउंटरवर पडला होता आणि मुलगी स्पीकरवर होती. "काचांच्या पेटीचा आवाज येतोय मला."

"धूसर आहे गं."

"धूसर नाही. ते तसंच आहे. मुद्दाम केलंय."

"मुद्दाम? आम्ही जन्मभर लोकांचं धूसर घालवतोय आणि तू मुद्दाम करतेस?"

"हो. तुमचा धंदा बुडवणार आहे मी."

तो हसला. हसू संपल्यावर तो उगाच उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला, रस्ता बघितला आणि परत आला.

मुलगी आणि तिचे दोन मित्र मिळून हा गेम करत होते. मागे कुठली कंपनी नव्हती, तिघांचंच काम. गेम भीतीचा होता, पण जुन्या पद्धतीचा, तिच्या लहानपणी असायचे तसा. मोजकेच रंग, चौकोनी माणसं, खाली एका ओळीत मजकूर. करणाऱ्या तिघांना प्रत्येक खोलीत काय आहे ते पाठ होतं. म्हणून तिला तपासायला वेगळं माणूस हवं होतं. "ज्याने जन्मात गेम खेळला नाही असा माणूस हवाय, आणि तसा मला एकच माहीत आहे," असं म्हणून तिने त्याच्या दुकानात हा लॅपटॉप आणून ठेवला होता.

"पण धूसर कशाला?" त्याने विचारलं.

"सगळं स्वच्छ दाखवलं की माणूस एकदा दचकतो आणि संपतं. ठिपके कमी असले की उरलेलं ज्याचं तो भरतो. मग भीती त्याची स्वतःची होते. आमचीच मंडळी नाही, खूप लोक हल्ली असले गेम शोधून खेळतात. बरं, खेळा आता. मी ठेवते."

खेळ समजायला सोपा होता. तुम्ही एका बंद घरात आहात. किल्ल्या शोधायच्या आणि बाहेर पडायचं. घराला एक लांब पॅसेज होता आणि त्या पॅसेजमधून अधूनमधून एक सावली यायची. ती आली की बटण दाबून कपाटात लपायचं. सावली कपाटापाशी थांबायची आणि मग पुढे जायची. न लपता तिच्या हाती लागलात तर पडदा काळा, आणि खेळ पहिल्यापासून.

पहिल्यांदा तो हाती लागला कारण तो बटण शोधत होता. दुसऱ्यांदा बटण सापडलं होतं, पण त्याने दाबलं नाही.

सावली हळू चालायची. मान जरा खाली. एक पाय थोडा ओढल्यासारखा, फरशीवर खस्स असा आवाज करत. प्रत्येक दारापाशी ती थांबायची, आत कोणी आहे का ते ऐकल्यासारखी, आणि पुढे निघायची. पॅसेजच्या मध्यावर उभं राहिलं की ती सरळ आपल्या दिशेने यायची. पडदा काळा होण्याआधी क्षणभर तिचं तोंड पडद्याभर यायचं. तोंड म्हणजे काय, पाच-सहा राखाडी चौकोन. चष्मेवाल्याला तेवढे पुरले. गेल्या वर्षी त्याची बायको गेली होती.

तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नसे. दुकानात तो घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट करायचा, लावलेल्या फ्रेमा काढून परत लावायचा. गिऱ्हाईक डोळ्याला फ्रेम लावून बसलेलं असताना हा मध्येच दाराशी जाऊन यायचा. घरी तर बसायचा प्रश्नच नव्हता. या लॅपटॉपपुढे मात्र तो बसायचा. खेळ सुरू करायचा, सरळ पॅसेजमध्ये जायचा आणि उभा राहायचा.

दुपारी शिंपीणबाई आल्या. समोरच्याच इमारतीत त्यांचं शिवणकाम चालायचं आणि चष्म्याची काडी दर पंधरा-वीस दिवसांनी ढिली व्हायची.

"गिऱ्हाईक आलंय हो," त्या म्हणाल्या. "का दुकान बंद करून गेमचं काढलंत?"

"मुलीचं काम आहे. तपासतोय."

शिंपीणबाई काउंटरवरून वाकल्या. "हे काय, भरतकाम आहे का? टाका फार मोठा घेतलाय."

तेवढ्यात पॅसेजच्या टोकाला सावली आली. खस्स, थांबली. खस्स, थांबली.

"अगं बाई!" शिंपीणबाईंनी काउंटर धरलं. "अहो, पळा ना! उभे काय राहिलात?"

पडदा काळा झाला.

"मेलात की."

"हो."

"परत करा बघू."

त्याने परत केलं. या वेळी त्या कुजबुजत होत्या. "ते कपाट आहे ना तिथे, शिरा त्यात. शिरा की हो! डोळे तपासून घ्या स्वतःचे आधी." पडदा पुन्हा काळा झाला तेव्हा त्यांनी हात झटकला. "तुम्हाला काही जमायचं नाही. सरका, मी खेळते."

"कोण वाटली तुम्हाला ती?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे? माझी सासू," शिंपीणबाई ताबडतोब म्हणाल्या. "अशीच यायची स्वयंपाकघराच्या दारात. मी डब्यात हात घातला की मागे हजर. जाऊन इतकी वर्षं झाली, तरी धस्स झालं बघा." मग त्यांनी चष्मा पुढे केला. "काडी आवळा. आणि फार आवळू नका, मागच्या वेळी कान दुखले."

त्या गेल्यावर तो थोडा वेळ तसाच बसला. सासू कशी वाटेल, त्याच्या मनात आलं. स्वच्छ तर दिसतंय कोण आहे ते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. त्याने खेळलेलं सगळं तिला तिच्याकडे दिसायचं.

"बाबा, तुम्ही किल्ल्या शोधतच नाही आहात. प्रत्येक वेळी पॅसेजमध्ये मरताय. लपायचं बटण कळलं नाही का?"

"कळलं."

"मग?"

"बोट उशिरा पडतं. वय झालं."

"बरं. तसंही तो भाग बदलतोय आम्ही. बाकीच्यांनी सांगितलं, सावली फार हळू आहे, भीती वाटायला वेळ लागतो. आता ती पळत येणार. आणि जवळ आली की चेहरा दिसणार. दात, डोळे, सगळं."

"चेहरा?"

"हो, तुमच्या आवडीचा. एकदम स्वच्छ."

"नको," चष्मेवाला म्हणाला.

"काय नको?"

"नको म्हणजे... कधी करताय?"

"आजच. उद्या सकाळी गेम लोकांसाठी बाहेर पडतो."

त्याने फोन ठेवला. समोर एक माणूस नंबर काढायला बसला होता, त्याला उद्या या म्हणाला. शटर ओढलं, कुलूप लावलं, दहा पावलं गेला आणि कुलूप लावलं का ते बघायला परत आला.

मुलीची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीखालच्या मजल्यावर होती. आई गेल्यावर काही महिने ती त्याच्याजवळ राहिली, मग कामाला जागा हवी म्हणून इकडे आली. तो इथे आधी एकदाच आला होता. तीन टेबलं एकाला एक लावलेली, सगळीकडे वायरी, आणि खिडकीत कपांची रांग. गेमचं संगीत करणारा मित्र मान हलवत काहीतरी ऐकत होता. चष्मेवाल्याचा चेहरा बघून त्याने कानावरचे हेडफोन काढले आणि चहा सांगून येतो म्हणत खाली गेला.

"बाबा? काय झालं? बरं नाही का?"

"बरंय. दाखव तो चेहरा."

तिने दाखवला. चांगला काढला होता. डोळ्यांतल्या शिरा दिसत होत्या, हिरड्या दिसत होत्या. चष्मेवाल्याने खुर्चीत बसून बराच वेळ बघितला.

"हा कोणीच नाही," तो म्हणाला.

"कोणी असायला कशाला हवं? भूत आहे ते."

"ठके, जुनी राहू दे." घरात तिला सगळे ठकी म्हणत. हे नाव उच्चारून त्याला बरेच दिवस झाले होते. "बोट उशिरा पडत नाही माझं. मी मुद्दाम उभा राहतो. ती जवळ येते म्हणून. तू सांगितलं नाहीस, पण मला पहिल्या दिवशीच कळलं. तू आईला घातलंस त्यात. चांगलं केलंस. फक्त आता तिला हे दात नको लावूस."

मुलीने समोरचा कप उचलला, तो रिकामा होता, तो परत ठेवला.

"बाबा, ती आई नाही."

"चाल तिची आहे. पाय ओढते, दारापाशी थांबते."

"आई भरभर चालायची. तुम्हीच ओरडायचात, जरा दमानं, मागे कोणी लागलंय का म्हणून. आणि आजारी पडल्यावर ती खाटेवरून उठलीच कुठे?"

बायको पॅसेजमधून चालतेय असं त्याने आठवून बघितलं. ती आली ती भरभर आली, हातात काहीतरी घेऊन, आणि गेलीसुद्धा.

"मग ही कोण?"

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. "पावलांचा आवाज मी घरीच रेकॉर्ड केला होता," ती म्हणाली. "माझ्या खोलीत बसून, दार लावून. आई गेल्यानंतर. तेव्हा घरात आपण दोघंच होतो."

त्याने टेबलाखालचे पाय मागे घेतले.

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती. ती सुरू होऊन गेल्यावर तो म्हणाला, "घाबरायचीस?"

"चालण्याला नाही. आवाज थांबला की." ती बोटाने टेबलावरचा चहाचा डाग खरवडत होती. "माझ्या दारापाशी थांबायचा ना, तेव्हा. मी हलायची नाही. वाटायचं, आता दार वाजेल. बाबा आत येतील आणि रडतील, आणि मला काय करावं ते कळणार नाही. मग आवाज पुढे जायचा. मग वाटायचं, का गेला?"

"म्हणून इकडे आलीस?"

"जागा हवीच होती कामाला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणूनही."

चष्मेवाल्याने मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढली. "जुना लाव."

तिने दातांचा चेहरा बंद केला आणि जुना खेळ लावला. तो नेहमीसारखा पॅसेजमध्ये गेला. सावली टोकाला आली. त्याने बटण दाबलं आणि पहिल्यांदाच कपाटात शिरला.

आतून फार थोडं दिसत होतं. दाराच्या फटीएवढी एक उभी पट्टी, बाकी अंधार. पावलं जवळ आली. खस्स, थांबली. खस्स. मग फटीत राखाडी चौकोन आले आणि तिथेच राहिले. किती वेळ राहिले ते त्याला कळलं नाही. बाहेरून हे कधीच इतकं लांब वाटलं नव्हतं. मग पावलं पुढे गेली.

"इथे थांबते तेव्हा," त्याने विचारलं, "आत कोणी आहे हे तिला माहीत असतं?"

"नाही. तसं काही घातलेलं नाही आम्ही. ती नुसती ठरलेल्या जागी थांबते."

"माहीत असतं," चष्मेवाला म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे बघितलं.

"दाराखालून उजेड दिसतो," तो म्हणाला. "रोज दिसायचा."

संगीतवाला मित्र चहा घेऊन दारात आला. "काय, चेहरा फायनल ना?" त्याने विचारलं. दोघं वळूनही बघेनात तेव्हा तो किटली आत ठेवून पुन्हा जिन्याकडे गेला.

मुलीने कीबोर्ड ओढून घेतला. ती काय लिहीत होती ते चष्मेवाल्याला कळत नव्हतं. ती लिहायची, पुसायची, ओठ चावायची, पुन्हा लिहायची. तो उठला नाही, खिडकीशी गेला नाही. चहा गार झाला.

"बघा आता," ती म्हणाली.

त्याने खेळ सुरू केला आणि कपाटात शिरला. पावलं आली. फटीत राखाडी चौकोन आले, थांबले. पडद्याच्या खालच्या बाजूला एक नवी ओळ उमटली.

दार आतून उघडायचं?

सावली पुढे जात नव्हती. तिथेच उभी होती.

चष्मेवाल्याने बटणावरचं बोट उचललं आणि कीबोर्ड मुलीपुढे सरकवला.