पिवळा दिवा आणि जड कोट

मित्रांनो, मी डायलिसिसचे एक जुने यंत्र आहे. ज्यांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले, त्यांचे रक्त मी नळीतून घेते, धुते, अंगात साठलेले पाणी काढते आणि रक्त परत देते. पाणी प्रमाणाबाहेर निघाले तर रक्तदाब कोसळतो. तो कोसळण्याआधीच मला चाहूल लागते आणि माझा पिवळा दिवा पेटतो.

मी नवे होते तेव्हा दिवा पेटताच सगळे धावत येत, माझे कौतुक करत. पण कधी कधी तो उगीचच पेटे. हळूहळू लोकांना बटण दाबून तो विझवायची सवय लागली.

माझ्याकडे एक कुलूपवाले काका येत. म्हणत, "सिस्टर, दुनियेची कुलपं उघडली, पण माझ्या मूत्रपिंडाची किल्ली काही सापडेना!"

"आधी तोंडाला कुलूप लावा, काका. नळी हलतेय," सिस्टर हसून दटावत.

एके दिवशी कडाक्याची थंडी होती. काका जाड कोट घालूनच वजनकाट्यावर चढले. खिशांत किल्ल्यांचे जुडगे, कानस, हातोडी.

"बाबा, कोट काढा ना," सोबत आलेली लेक म्हणाली.

"कुडकुडतोय गं. एक दिवस चालतं."

गडबडीत सिस्टरनी तोच आकडा धरला. वाढलेले वजन म्हणजे साठलेले पाणी, हा इथला हिशेब. मग काकांनी कोट काढून लेकीकडे दिला आणि ते पलंगावर आडवे झाले. त्या लोखंडाएवढे पाणी मी त्यांच्या अंगातून ओढू लागले.

पिवळा दिवा पेटला. सिस्टरनी रक्तदाब पाहिला. "ठीक तर आहे. ही मशीन म्हणजे नुसती घाबरट!" त्यांनी बटण दाबले.

काकांची थट्टा थांबली. त्यांना जांभया येऊ लागल्या. दिवा पुन्हा पेटला, पुन्हा विझवला गेला.

"काका? काका, डोळे उघडा!"

मला बंद केले, काकांचे पाय उंच केले, सलाईन सोडले. डॉक्टर धावत आले. काका परतले नाहीत.

संध्याकाळी लेकीने कोट उचलला. त्या ओझ्याने तिचा हात खाली गेला. ती तशीच काट्यापाशी गेली आणि तिने नुसता कोट वर ठेवला. आकडा पाहून सिस्टरनी काकांच्या वजनाची नोंद काढली आणि त्यातून तो वजा केला.

आता काट्याशेजारी कोट अडकवायला एक खुंटी ठोकली आहे.

मित्रांनो, मला पुढचे दिसते, पण स्वतःहून थांबता येत नाही. ते तुमच्या हातात आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्याजवळ उभे राहिले आणि दिवा पेटला, तर बटणाला हात लावण्याआधी पलंगावरच्या माणसाकडे नीट बघा.