कनेरगाव नाक्यावरचा डावा पाय

खेळ पहिला : एका पायावर

पाच वर्षांचं मूल एका पायावर पाच आकडे उभं राहतं. ज्याला जमत नाही त्याला धरू नये. आपला हात त्याच्या हाताजवळ न्यावा, लागू देऊ नये. हात जवळ आहे एवढं कळलं तरी मूल उभं राहतं.

केंद्रप्रमुख म्हणाले, "रत्नपाल सर, तुमच्या शाळेतली बारकी लेकरं बॉलमागं पळतात, तोल जात नाही त्यांचा. कसं शिकवता ते दोन पानांत लिहून द्या. बाकीच्या गुरुजींना वाटू." म्हणून लिहायला बसलो. २००६ संपत आलंय. मधेच दुसरं येतंय. तेही लिहितो. देताना खोडीन.

१९९८ साली माझी मुलगी आकांक्षा पाच वर्षांची होती, आणि ती एका पायावर किती आकडे उभी राहते हे मला माहीत नव्हतं. मी सिद्धेश्वरला, धरणाजवळच्या शाळेत. ती वाशीमला, आईजवळ. शीतल तिथं नर्स होती. बदली तिनं मागितली नाही, मीही नाही. दोघंही म्हणत राहिलो, तू ये. शेवटी वकिलानं फारकतीचा कागद केला.

कागदात महिन्याचा पहिला रविवार माझा. जागा मधली, कनेरगाव नाका, हरिचंदचा धाबा. वाशीमच्या एका एसटीनं आकांक्षानं यायचं, पुढच्या एसटीनं जायचं. मधे दीड तास.

बाकीचे दिवस माझ्याकडं सोमेश्वर होता. माझ्या वर्गातला, आकांक्षाच्याच आठवड्यात जन्मलेला. दाखल्याच्या रजिस्टरमधून मी ते शोधलं होतं. तो सात आकडे उभा राहिला त्या दिवशी मला वाटलं, म्हणजे तिकडं तीही राहत असेल. त्याचा दात पडला तेव्हा मी विचारलं, "दुखलं का रे?"

"न्हाई गुरुजी. काहून?"

काहून ते त्याला काय सांगणार.

खेळ दुसरा : बॉल थांबवणे

बॉलमध्ये हवा कमी भरावी. टणक बॉल लहान मुलाच्या पायाला लागून पळून जातो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. मऊ बॉल थांबतो. पायाचा तळवा बॉलवर ठेवायचा, दाबायचा नाही. झोपलेल्या मांजरावर हात ठेवतो तसा.

आकांक्षाला आणायची तिची आजी, केशरबाई. पूर्वी मला जावईबुवा म्हणायची. कागद झाल्यावर मास्तर म्हणायला लागली. मी मात्र मामीच म्हणत राहिलो, दुसरं काय म्हणणार.

"मास्तर, पोरीले एवढ्या लांब आणाव आन् तुमी तिले बॉल खेळवाव? बाप काही खाऊ आणत असते, फ्रॉक आणत असते."

"मामी, खाऊ आणलाय."

"चार शेंगा! हरिचंदभाऊ, बघा याईचा खाऊ."

हरिचंद भट्टीमागून ओरडायचा, "मावशी, गुरुजीचं मन मोठं हाय, पिशवी बारीक हाय." मग चहा पाठवायचा. धाब्यामागं कापणी झालेलं सोयाबीनचं रान होतं. खुंट टोचायचे. मी पहिल्या एसटीच्या तासभर आधी यायचो आणि दोन खाटा मावतील एवढी जागा हातानं साफ करायचो. तेवढंच आमचं मैदान.

ती पहिल्यांदा तळव्याखाली बॉल थांबवू शकली तो रविवार डिसेंबरातला. बॉल आला, तिनं पाय ठेवला, बॉल राहिला. ती बॉलकडं बघत राहिली. बॉल पुन्हा पळेल म्हणून हलेना.

"पप्पा, मले जमते!"

"जमतं ना. आता सोड."

"न्हाई. एसटी येईपर्यंत असंच."

तिथं उभं राहून तिनं शेंगा खाल्ल्या. एक पाय बॉलवर, आणि सालं फ्रॉकच्या खिशात.

सोमवारी मी सोमेश्वरला तोच बॉल दिला. त्याला दोन आठवड्यांपूर्वीच आलं होतं. पण त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. पोरं माझ्याकडं बघायला लागली.

खेळ तिसरा : उजव्या पायाने मारणे

शिक्षकांनी लक्षात ठेवावं, आपण वर्गासमोर तोंड करून उभे असतो. लहान मुलाला उजवा-डावा कळत नाही, त्याला समोरची बाजू कळते. म्हणून तोंडानं "उजवा" म्हणावं आणि स्वतःचा डावा पाय उचलावा. समोरची सगळी पोरं बराबर उजवा उचलतात. मी बारा वर्षं असंच करत आलो. इतकी सवय झाली की "उजवा" म्हटलं की माझा डावा आपोआप उठतो.

आकांक्षाच्या बाबतीत मी समोर उभा नव्हतो.

तिच्या शेजारी उभा होतो. समोर उभं राहायला जागाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर शेजारी उभं राहिलं की तिच्या डोक्याचा शिकेकाईचा वास यायचा. मी म्हणायचो, "उजवा." माझा डावा उठायचा. ती माझ्या पायाकडं बघायची आणि तिचा डावा उठायचा. सव्वा वर्ष.

मला दिसत होतं, ती डाव्यानं मारते. आनंदच झाला. डावरा खेळाडू नशिबानं मिळतो. मी हरिचंदला सांगितलं, वर्गात सांगितलं, सोमेश्वरलासुद्धा सांगितलं की एक मुलगी आहे, डाव्या पायानं असा बॉल मारते की बघत राहावं.

"कोणाची मुलगी, गुरुजी?"

"वाशीमची आहे."

२००० च्या मार्चमध्ये केशरबाई खाटेवर बसता बसता म्हणाली, "मास्तर, हिच्या शाळेतल्या बाई लई कावून रायल्या. उजवा हात वर करा म्हणलं की सगळ्याईचा उजवा आन् हिचा डावा. म्हणे, पप्पाईनं सांगतलं हाच उजवा."

"ती डावरी आहे मामी."

"कायची डावरी? जेवते उजव्यानं. लिवते उजव्यानं. आमच्यात कोणी डावरं न्हाई."

मी आकांक्षाला म्हटलं, "उजवा पाय दाखव." तिनं डावा पुढं केला. अगदी खात्रीनं. मग माझ्याकडं बघितलं, शाबासकीसाठी.

खेळ चौथा : चूक दुरुस्त करणे

(हा टिपणात घ्यायचा नाही.)

मी दुरुस्त करायला घेतलं. मास्तर आहे मी.

एप्रिलच्या रविवारी तिच्या डाव्या पायाला हातरुमाल बांधला. म्हटलं, रुमालवाला पाय झोपलाय, त्याला उठवायचं नाही. ती हसली. मग बॉल आला आणि रुमालवाला पाय उठला. मी म्हटलं, "न्हाई." परत. "न्हाई, आकांक्षा." दीड तासात मी किती वेळा न्हाई म्हटलं ते केशरबाईनं जाताना सांगितलं. "चाळीस. मी काय रिकामी बसून होते? मोजले."

मे महिन्यात ती उजव्यानं मारायला गेली आणि तोंडावर पडली. तोल सगळा उजव्यावर टाकायला शिकली होती, तोच पाय मी उचलायला सांगत होतो. खुंट हनुवटीला लागला. रडली नाही. बॉल उचलून माझ्या हातात दिला.

जूनमध्ये तिनं एसटीतून उतरतानाच विचारलं, "आज बॉल आणला का?" मी पिशवी वर करून दाखवली. तिचं तोंड बघितलं. तेव्हाच ती पिशवी हरिचंदच्या भट्टीत टाकायला हवी होती. मी जागा साफ केलेली होती. मी म्हटलं, "थोडंच. आज जमेल बघ."

जुलैत केशरबाई एकटीच उतरली.

"पोट दुखते म्हणे."

"खरंच दुखतंय का, मामी?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "आता मी काय सांगू, जावईबुवा." किती दिवसांनी म्हणाली. मला ऐकायला नको होतं.

ऑगस्टला कोणीच आलं नाही. सप्टेंबरला पोस्टकार्ड आलं, शीतलच्या अक्षरात, दोन ओळी. आकांक्षा नको म्हणते, जबरदस्ती करू नये. मी तरी पहिल्या रविवारी जात राहिलो. फेब्रुवारीपर्यंत. हरिचंद चहा पाठवायचा. शेवटी एकदा म्हणाला, "गुरुजी, त्या जागेत गवत आलंय. राहू देऊ का काढू?"

"राहू द्या."

सोमेश्वर चौथी होऊन गेला. त्यानंतर मला मोजायला कोणी नव्हतं. ती आता केवढी असेल हे आकड्यातच कळायचं. नऊ. अकरा.

खेळ पाचवा :

गेल्या महिन्यात हिंगोलीच्या मैदानावर मुलींच्या मॅची होत्या. वाशीमचा संघ येणार म्हणून मी गेलो. तेरा वर्षांच्या अकरा मुली, एकच निळा ड्रेस, सगळ्यांच्या वेण्या. तोंड ओळखू येईल असं धरून चाललो होतो. आलं नाही. एकीचं नाक शीतलसारखं वाटलं, मग दुसरीचं वाटलं. मी गोलच्या मागं, कॉर्नरच्या निशाणाजवळ जाऊन उभा राहिलो.

मग उजव्या बाजूनं बॉल आला आणि सात नंबरच्या मुलीनं तो डाव्या तळव्याखाली थांबवला. न दाबता. क्षणभर तशीच उभी राहिली, बॉल पळतो की काय बघत.

माझे ते चाळीस "न्हाई" फुकट गेले होते. बरं झालं.

तिचा फटका बचावाला लागून रेषेबाहेर आला आणि घरंगळत माझ्या पायाशी थांबला. कॉर्नर. ती घ्यायला पळत आली. हनुवटीखाली बारीक पांढरा व्रण. दहा पावलांवर थांबली, धापा टाकत.

"काका, बॉल द्या ना."

बॉल माझ्या तळव्याखाली होता. तो तिथंच ठेवला तर ती तिथंच उभी राहणार होती. एसटी येईपर्यंत असंच.

"काका, टाईम चाललाय!"

ती माझ्यासमोर उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यासमोर होतो, शेजारी नाही. माझ्या डाव्या पायानं दिला असता तर बॉल तिच्या उजव्याकडं गेला असता. मी उजवा उचलला. हवा भरलेला, टणक बॉल. हळू, सरळ, तिच्या डाव्याकडं.

तिनं तो थांबवला. मग निशाणाजवळ ठेवला, हात वर केला आणि मारला. मी बॉल कुठं गेला ते बघितलं नाही. मी पाय बघत होतो.