विचारत नाही, सांगतेय

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एका खोलीत शिवणवाली गणवेशाच्या कॉलरी शिवत बसली होती. सातवा महिना लागला होता, पण तपासणीच्या कार्डावर पहिल्या भेटीनंतरचे सगळे रकाने कोरे. म्हणूनच नर्सबाई घरी आल्या होत्या. पलीकडे सासू चादरींना इस्त्री करत होती. धुलाईच्या कारखान्यात तीस वर्षं कामाला असलेली बाई. गल्लीत तिला सगळे 'कडक इस्त्री' म्हणायचे, ते कपड्यांमुळे कमी आणि जिभेमुळे जास्त.

नर्सबाईंनी पाहणीच्या प्रश्नांचा कागद काढला. "भाजी करपली, तर नवऱ्यानं मारणं बरोबर आहे का?"

"हो," मशीन न थांबवता शिवणवाली म्हणाली.

"न विचारता बाहेर गेली तर?"

"हो. मागच्या वेळी तशीच आले होते ना दवाखान्यात." तिचा हात नकळत गालाकडे गेला. "चूक माझीच होती."

"असं कुणी सांगितलं तुला?" सासूनं विचारलं.

शिवणवाली गोंधळली. "तुम्हीच, आई. लग्न झालं तेव्हा. नवऱ्याचं निमूट सोसायचं म्हणालात."

आता भडका उडणार, असं नर्सबाईंना वाटलं. पण कडक इस्त्रीनं प्लग काढला आणि ती सुनेसमोर येऊन बसली.

"म्हणाले होते खरं. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला. पण तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एकदा दिवस गेले होते. त्याच्या बापानं ढकललं. तोंड सुजलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून दोन दिवस घरातच बसले. दवाखान्यात गेले तेव्हा सगळं संपलं होतं." ती नर्सबाईंकडे वळली. "बाई, तिचं उत्तर खोडा. मी चुकीचं शिकवलंय."

"उत्तर तिनंच बदलायला हवं, मावशी."

शिवणवालीनं सुईखालची कॉलर काढून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "नाही, असं लिहा."

तिघी जिन्यात पोचतात तोच समोरून सासूचा मुलगा वर आला. "न विचारता कुठे निघालात?"

"दवाखान्यात," आई म्हणाली. "आणि विचारत नाही, सांगतेय. खोली माझ्या नावावर आहे. परत हिच्यावर हात उचललास, तर तुझं सामान याच जिन्यात येईल आणि पोलिसांकडे मी स्वतः जाईन. हो बाजूला."

आईची नजर बघून तो भिंतीला चिकटला.

शिवणवालीचा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवस तिला ठेवून घेतलं. सासू रजा टाकून उशाशी बसली. नवरा पुढे कितीतरी दिवस फुगून होता, एकदा ओरडलाही, पण हात उचलला नाही. त्याला शहाणपण आलं की नुसती धास्ती बसली, हे नर्सबाईंना आजही सांगता येत नाही. दिवस भरल्यावर मुलगी झाली, धडधाकट, आणि आवाजानं थेट आजीवर गेलेली.

त्यानंतर एका मंगळवारी कडक इस्त्री पुन्हा दवाखान्याच्या दारात हजर. मागे कारखान्यातल्या तीन जणी. एकीनं डोळ्याखालचा काळानिळा डाग केसांनी झाकला होता.

"हिला आधी घ्या," तिला पुढे करत कडक इस्त्री म्हणाली. "लवकर बोलायची नाही ती. मी शेजारी बसते."

नर्सबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. एरवी मोठे डॉक्टर आले तरच त्या अशा उठत.