खूण धरते का?

दिमोला टेकड्या सापडायच्या आणि त्या दुसऱ्यांच्या व्हायच्या. हे त्याच्या पाचवीलाच पुजलंय, असं येलोवोतली पोरं म्हणायची, आणि मागे नाही, चांगलं तोंडावर म्हणायची.

पिरिन डोंगराच्या पायथ्याचं हे गाव. पाय बोर्डाला बांधून बर्फावर घसरणाऱ्यांची तिथं एक टोळी, आणि टोळीचा एक कायदा. टेकडी कुणी शोधली, याला काडीची किंमत नाही. नव्या टेकडीवर बर्फाचा ओटा बांधायचा, वरून सुसाट येऊन त्यावरून उडायचं, हवेत दोन पुऱ्या गिरक्या घ्यायच्या आणि खाली उतरताना बर्फाला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. हे जो पहिला करील, त्याचं नाव टेकडीला. रुमेनच्या खानावळीत भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा आहे, त्यावर ते नाव लाल शाईनं लिहायचं. मग जन्मभर लोक म्हणणार, "चल रे, आज मिरोवर जाऊ", "इल्कोवर बर्फ कसाय?" शोधणाऱ्याला सवलत एवढीच, की पहिल्या तीन उड्या त्याच्या.

दिमोनं अकरा हिवाळ्यांत नऊ टेकड्या शोधल्या. वारा कुठं बर्फ आणून टाकतो, कुठला उतार मार्चपर्यंत टिकतो, हे त्याला नुसत्या नजरेनं कळायचं. माणसं डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर मेकॅनिकची नोकरी, सुट्टीचा दिवस आला की हा एकटा रानोमाळ. आणि नऊच्या नऊ टेकड्यांवर दुसऱ्यांची नावं! ह्यानं पायपीट करायची, ह्यानं फावडं मारायचं, ह्यानं तीनदा आपटायचं, आणि चौथ्या उडीला कुणीतरी येऊन नाव लावून जायचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! छत्तिसावं लागलं होतं, उजव्या गुडघ्यात दोन स्क्रू होते. आणखी फार हिवाळे उरले नव्हते, हे त्यालाही कळत होतं.

दहावी टेकडी त्याला ऑक्टोबरात अळंबी शोधताना सापडली. कड्याच्या मागं लपलेली, वर लांब सरळ धाव, मधे ओट्याला जागा, खाली घराच्या छपरासारखा उतार आणि त्याच्या खाली सपाट माळ. पाच महिने त्यानं कुणाला वास लागू दिला नाही. पण ओटा एकट्यानं बांधून होत नाही, तिघं तरी लागतात. शेवटी मार्चमध्ये त्यानं रुमेनला सांगितलं आणि नेवेनाला.

रुमेन खानावळवाला, टोळीचा कॅमेरा त्याच्याकडे आणि जीभही त्याचीच. नेवेना बावीस वर्षांची, गावातल्या गीनाकाकूंची एकुलती एक लेक. ती नऊ वर्षांची असताना दिमोनंच तिला पहिल्यांदा बोर्डावर उभं केलं होतं. उडी मारायला, पडायला, पडून परत उठायला त्यानंच शिकवलं. 'दिमोदादा, दिमोदादा' करत ती त्याच्या मागं फिरायची. आता टोळीत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. नकाशावर दोन टेकड्या तिच्या होत्या, त्यातली एक दिमोनं शोधलेली.

सकाळी सातपासून फावडी मारून अकराला ओटा तयार झाला. मग खूण. वर धावेत नेमकं कुठून सुटायचं, त्या जागी एक काठी रोवतात. खाली सुटलं तर वेग कमी पडून ओट्यापाशीच आदळणार. फार वरून सुटलं तर अख्खा उतार ओलांडून थेट सपाट माळावर. सपाटावर पडणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून अंगणात पडणं. म्हणून खूण ज्याची, जबाबदारी त्याची. सुटणारा वरून ओरडून विचारतो, "खूण धरते का?" आणि खूण रोवणारा खालून सांगतो, "धरते!" नाही तर म्हणतो, "थांब!" टोळीत भांडणं झाली, बायका पळवल्या गेल्या, एकमेकांचे दात पाडले गेले, पण या प्रश्नाला खोटं उत्तर कुणी कधी दिलं नव्हतं.

दिमोनं पहिली उडी मारली ती दीड गिरकीतच आदळली. ऊन चढलं होतं, बर्फ ओला, बोर्ड चिकटत होतं.

"अरे, ही उडी होती की शिंक?" रुमेन कॅमेऱ्यामागून म्हणाला.

दिमोनं काठी बारा पावलं वर नेऊन रोवली. दुसऱ्या उडीला दोन गिरक्या पुऱ्या झाल्या, पाय टेकले, आणि डावा हात हलकेच बर्फाला लागला.

"नाही लागला!" दिमो ओरडला.

"कॅमेऱ्यात बघ की. पाची बोटं लागलीत, अंगठीसकट."

मधे पट्टा तुटला, तो बांधण्यात तासभर गेला. दीडच्या सुमाराला सूर्य कड्याआड गेला आणि वरच्या धावेवर सावली पडली. ओटा आणि खालचा उतार अजून उन्हातच होता. तिसऱ्या उडीला दिमो सुटला तेव्हा बोर्ड चिकटलं नाही, उलट पायाखालून पळायला लागलं. गिरक्या झाल्या, पण तो उताराच्या पार शेवटी जाऊन उतरला, गुडघ्यानं दगा दिला आणि तो मटकन खाली बसला.

"बसला! बसला!" रुमेन पोट धरून हसला. "गादी आणू का रे? दहा टेकड्या झाल्या, दिमो. एवढ्या वेळात कोंबडीनंसुद्धा एक अंडं घातलं असतं."

काठीपाशी हातमोजे राहिले होते म्हणून दिमो परत वर चढला. मोजे उचलले आणि टाच बर्फावर घासून बघितली. कर्रर्र वाजलं. काच झाली होती नुसती. अजून अर्ध्या तासानं आणखी कडक होणार. काठी आता वीस पावलं खाली न्यायला हवी होती. हे त्याला जेवढं स्वच्छ कळलं, तेवढं त्या डोंगरावर दुसऱ्या कुणालाही कळणं शक्य नव्हतं. त्यानं काठीला हात लावला. आणि काढून घेतला.

तिघं उन्हात बसून पाव, सॉसेज आणि भाजलेल्या मिरचीची चटणी खात होती. नेवेना म्हणाली, "दादा, मी आज नाही मारत. पोट दुखतंय माझं. उद्या तू परत ये."

"पोट दुखतंय आणि अर्धा पाव एकटीनं खाल्लास?" रुमेननं डोळे मिचकावले. "कायदा म्हणजे कायदा. तुझी पाळी, तू मार. तू पडलीस तर उद्या पुन्हा ह्याची पाळी. बघ दिमो, पोरगी दान करतेय तुला. घे, पदर पसर."

दिमोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पडला होता, ते त्याला चालत होतं. पण ह्या पोरीनं, जिच्या नाकाचा शेंबूड त्यानं पुसला होता, तिनं त्याची कीव करावी?

"मला कुणाची भीक नकोय," तो म्हणाला. "मारायची तर मार, नाही तर घरी जाऊन आईला भाजी चिरून दे."

"बरं बाबा, मारते," ती हसून म्हणाली. "एवढं चिडायला काय झालं?"

ती बोर्ड काखेत मारून चढायला लागली. दिमो तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्यानं मनाशी हिशेब मांडला होता: आपण गेलो तशीच तीही जरा पुढं जाईल, बसेल, फार तर ढुंगण शेकून निघेल. ऊन जाईल, दिवस संपेल, उद्या पाळी आपली. त्याला तिचं वाईट नको होतं, तिचं चांगलं तेवढं व्हायला नको होतं. माणूस स्वतःला काय काय सांगतो! उभा जन्म बर्फात घालवलेला माणूस, अर्धा तास आणखी गोठलेल्या धावेवर काय होतं, हे त्याला कळत नव्हतं? कळत होतं. मेल्याला सगळं कळत होतं.

नेवेना काठीपाशी उभी राहिली. पट्टे आवळले.

"दादा! खूण धरते का?"

दिमो बुटाची नाडी बघत होता.

"दादा! ऐकू येत नाही का? धरते का?"

"धरते!" दिमो ओरडला.

ती सुटली. पहिल्या दहा पावलांतच रुमेनच्या तोंडून "अरे" निघालं, कारण धाव वाजत होती, मघाशी वाजत नव्हती. ती ओट्यावर आली ती दिसलीच नाही, एकदम हवेत होती. आणि हवेत तिनं एकच गिरकी घेतली. सावकाश, ऐसपैस, एकच. दोन गिरक्या ती झोपेत घ्यायची. तिनं एकच घेतली आणि ती मोजली जाणार नव्हती. दिमोनं ते बघितलं आणि त्याला कळलं. टेकडी त्याच्यासाठी सोडून देत होती पोरगी, त्याला कळूही न देता.

उतार तिच्या खालून सरकत गेला, संपला, आणि ती अजून हवेतच होती. मग माळ आला. आवाज फार मोठा झाला नाही.

बचाव पथक यायला दोन तास लागले. तेवढा वेळ दिमो बर्फात गुडघे टेकून, तिचं डोकं दोन्ही हातांत धरून, जराही न हलवता बसून होता. त्याच्या हातांना बधिरता आली, मग हातांचं भानच गेलं, तरी सोडलं नाही. ती शुद्धीवर होती. पाय कुठायत, असं तिनं दोनदा विचारलं. रुमेन तिकडं तोंड करून ओकत होता.

तीन आठवड्यांनी दिमो हॉस्पिटलात गेला. त्याआधी जायला त्याला धीर झाला नाही. दारातच गीनाकाकू भेटल्या, त्यांनी त्याचा हात धरून डोळ्यांना लावला.

"डॉक्टर म्हणाले, त्या माणसानं मान धरून ठेवली नसती तर हातही गेले असते पोरीचे. पाय गेले, पण हात आहेत. तुझे उपकार कसे फेडू रे बाळा?" त्या त्याला आत घेऊन गेल्या, खुर्चीवर बसवलं. "बोला तुम्ही दोघं. मी कॉफी आणते."

नेवेना उताणी पडली होती. केस कापले होते.

"सगळ्यांना मी सांगितलंय, माझीच चूक झाली," ती म्हणाली. "म्हटलं, खुणेच्या वरून सुटले. रुमेनचा कॅमेरा ओट्यावर होता, सुटताना त्यानं बघितलं नाही."

"नेवेना..."

"तू टाच घासून बघितलीस. मोजे आणायला गेलास तेव्हा. मी खालून बघत होते."

दिमोनं वळून दाराकडे बघितलं, काकू कुठं दिसत नव्हत्या.

"वर गेल्यावर मला पायाखालीही कळलं. बोर्ड धरूनच राहत नव्हतं. म्हणून तर दोनदा विचारलं. म्हटलं, दादानं बघितलंय, दादा सांगेल. तेरा वर्षं तू मला एकच गोष्ट सांगत आलास, की भीती वाटली तर खालच्या माणसाला विचार. मी विचारलं."

"मला वाटलं, तू बसशील नुसती. शपथ घेतो, मला वाटलं..."

"एकच गिरकी घेतली मी. बघितलीस ना?"

"बघितली."

"मग झालं."

तो खुर्चीवरून उतरून पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. सगळ्यांना खरं काय ते सांगतो म्हणाला, आत्ता सांगतो, काकूंनाही सांगतो.

"कुणाला सांगायचं नाही. आईला तर मुळीच नाही. तिला कुणाचा तरी आधार वाटतोय, तो मोडू नकोस." नेवेनाचा आवाज चढला नाही. "आणि टेकडी तुझीच. रुमेनला फोन करून सांगितलं मी, नाव दिमोचं लाव. तो आधी नाही म्हणत होता, कायद्यात बसत नाही म्हणाला. मी म्हटलं, पाय माझे गेलेत, कायदा मी ठरवणार. काल लिहिलं त्यानं नकाशावर. लाल शाईनं."

"नको," दिमो म्हणाला. "नेवेना, नको गं. पाया पडतो तुझ्या. पुसायला सांग."

"का? हवी होती ना? अकरा वर्षं हवी होती." तिनं जरा दम घेतला. "आता कुणीही विचारलं, नेवेना कुठं मोडली, तर लोक काय सांगतील ठाऊक आहे? दिमोवर."

गीनाकाकू दोन पेले घेऊन आल्या तेव्हा तो तसाच गुडघ्यांवर हुंदके देत होता. त्यांनी पेले ठेवले आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

"रडू नकोस बाळा. तू होतास म्हणून एवढं तरी वाचलं."

नेवेनानं तोंड भिंतीकडे वळवलं. कूस बदलता येत नव्हती, मान तेवढी वळत होती.