दोन जावांचं गाणं आणि मी

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. पण मला साधा टेपरेकॉर्डर समजू नका. साध्या टेपवर सगळे आवाज एकदम घ्यावे लागतात. माझ्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक मावतात. आज ढोलक घ्या, उद्या ते ऐकत ऐकत गाणं घ्या. शेवटी माझी सरकती बटणं वरखाली करून सगळे आवाज जुळवा.

नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात मी काही वर्षं काम केलं. तो मोडला तेव्हा राळेगावच्या इंद्रजितने मला मांडीवर घेऊन एसटीने घरी आणलं. तो रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नांत ढोलक वाजवायचा.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. इंद्रजितच्या वडिलांनी कापूस न विकता घरातच ठेवला होता. मधली खोली छतापर्यंत भरली होती. इंद्रजितने त्या ढिगात दोन माणसं बसतील एवढी जागा केली, मला तिथे मांडलं आणि एक टाळी वाजवली. आवाज जरासुद्धा घुमला नाही.

"बाबा, असा स्टुडिओ नागपुरातबी नाई!" तो ओरडला. वडील कितीतरी दिवसांनी हसले.

एकदा जवळच्या तांड्यावरची दीपा आली. तिचं लग्न ठरलं होतं. तिची आई नंदाबाई आणि मोठी आई मोतीबाई या दोघी जावा पूर्वी प्रत्येक लग्नात जोडीने गात. पण विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं आणि बोलणंच बंद पडलं.

"मले माह्या लग्नात दोघींचंबी गाणं पायजे," दीपा म्हणाली. "पण त्या एका जागी बसत नाईत."

"नको बसू दे," इंद्रजित म्हणाला. "येगयेगळ्या दिवशी पाठव."

इंद्रजितने आधी एका ट्रॅकवर आपलं ढोलक घेतलं. मग नंदाबाई आली. ती गोड गायली. पण एक ओळ म्हणून गप्प बसायची, मग पुढची ओळ घ्यायची. तेवढा वेळ तिचा ट्रॅक रिकामाच फिरत राहायचा.

"मावशी, इसरल्या काय?"

"नाई रे. चालू राहू दे."

दुसऱ्या दिवशी मोतीबाई आली. तिने कपाळाला आठ्या घालूनच हेडफोन कानाला लावले. गाणं सुरू झालं. नंदाबाई जिथे जिथे थांबली होती, तिथे तिथे मोतीबाईचा भरदार आवाज कुणी न सांगता आपोआप उतरत गेला. गाणं संपलं तरी तिने हेडफोन काढले नाहीत.

"माही जागा ठेवली तिनं," ती हळूच म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "नंदाचा आवाज वाढव. तिच्या लेकीचं लगन हाय."

तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकायला आलेली नंदाबाई म्हणते कशी, "काहून? जाऊबाईचा वाढव. मोठी हाय ते."

इंद्रजितने दोन्ही वाढवले. माझा काटा लाल रेघेपलीकडे गेला आणि दोघींचे आवाज फाटू लागले.

"आता तुमीच ठरवा!" म्हणत त्याने दोघींना एकत्र बोलावलं. दोघी कापसावर बसल्या. मोतीबाई नंदाबाईचं बटण वर सरकवायची, नंदाबाई मोतीबाईचं. बोटं एकमेकींवर आपटली आणि दोघींना असं हसू फुटलं की केसांत, लुगड्यांवर कापूसच कापूस झाला.

शेवटी इंद्रजितने आपल्याच ढोलकाचं बटण खाली ओढलं. दोन्ही आवाज स्वच्छ वर आले.

"तुहं ढोलक दबलं ना रे," मोतीबाई म्हणाली.

"दबू द्या. गाणं तर तुमचं हाय."

लग्नात मला मोठ्या भोंग्याला जोडलं. बँडबाजा परवडत नव्हता. सगळी भिस्त माझ्यावर होती. पहिली ओळ वाजली आणि मांडवातून दोघी जावा हात धरून उठल्या. त्या इतक्या मोठ्याने गाऊ लागल्या, की माझं कुणाला ऐकूच येईना. बायकांनी फेर धरला. इंद्रजितने मला हसत हसत बंद केलं आणि गळ्यात ढोलक अडकवलं. मित्रांनो, खरं सांगतो, बंद होताना मला एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

आता सगळे मोबाईलवरच रेकॉर्डिंग करतात. कॅसेट फिरवणारा माझा रबरी पट्टा सैल झाला आहे, बटणांत धूळ बसली आहे. पण मी बिघडलेलो नाही. कुणीतरी धूळ पुसा, नवा पट्टा घाला आणि तुमच्या घरात जी कुणी गुणगुणत असेल, तिला माझ्यासमोर बसवा. मी तयार आहे.