आजीसाठी ठेवलेली पोळी

माझी आई गेल्यापासून माझी लेक अक्षता रोज ताटातली अर्धी पोळी खिडकीत ठेवायची. "आजीची वाडी," म्हणायची. तेराव्याला कावळ्यासाठी वाढलेलं पान तिने पाहिलं होतं. आम्हा मालवणकडच्यांत त्याला वाडी म्हणतात. सहा वर्षांच्या पोरीला एवढं कळतं, याचं मला अप्रूप वाटे. नवरा बोटीवर नोकरीला. मुलुंडच्या दोन खोल्यांत माझ्याखेरीज आईची आठवण काढणारं निदान आणखी एक माणूस होतं.

मग शाळेच्या तपासणीत तिचं वजन घटलेलं निघालं.

"आजीचा ध्यास घेतलाय गं तिने," शेजारच्या शेवंतीकाकू म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. शाळेतल्या डॉक्टरांनी मात्र आधी दात दाखवायला सांगितलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. "मागच्या चार दाढांची वाट लागलीय. झोपताना काय देता?"

"साखर घातलेलं दूध, त्यात बिस्किट. आई द्यायची. मी तेच चालू ठेवलंय."

"मग दात घासते?"

"आई म्हणायची, दुधाचे दात ते, पडतलेच."

"सगळ्या आज्या हेच म्हणतात. गोड खाऊन काही पोरं अंगाने सुटतात, काहींचे दात एवढे किडतात की चावणंच नको होतं, मग ती वाळतात. दोन्ही इथेच येतात माझ्याकडे." मग अक्षताला म्हणाल्या, "काय गं, पोळी खातेस ना?"

"आजीला देते."

"आणि भात?"

"भात मी खाते. तो चावायला नाही लागत."

डॉक्टर हसल्या. खिडकीतल्या वाडीत भात कधीच नव्हता, हे तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं.

दोन दाढा काढाव्या लागल्या, दोन भरल्या. रात्रीचं दूध बंद केलं. अक्षता त्यासाठी रडली, मग विसरली. आई करायची ते एक काम माझ्या हातून गेलं.

तोंड बरं झाल्यावर एके दुपारी तिने अख्खी पोळी संपवली.

"आजीला नाही ठेवायची?" मी विचारलंच.

"आजी थोडीच खाते मम्मी, कावळा खातो. अजून दे ना."

मी तव्यावरची वाढली. तूप मागितलं, तेही दिलं. ती भराभर जेवत होती, शाळेतल्या कुणाची तरी गंमत सांगत होती. आईचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.