दुधी काच

लोकांच्या खिडक्यांना पडदे आणि काचांना फिल्म लावायचा माझा धंदा. कुणाच्या डोळ्यांत उजेड घुसतो म्हटलं, की मी उजेड मोजायचं यंत्र घेऊन हजर. आणि माझ्या स्वतःच्या घरात काय? सासरे दुपारभर खिडकीत, डोळे किलकिले, गालांवर पाणी ओघळतंय. समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून ऊन थेट त्यांच्या तोंडावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"बाबा, आत बसा ना!" मी ओरडायची. मी साधं बोलले तरी ते ओरडल्यासारखंच वाटतं, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे.

"बरंय इथं."

"बरं कसलं? डोळे बघा, टोमॅटो झालेत."

"तू तुझी गिऱ्हाइकं बघ, सूनबाई."

मी कुणाचं ऐकतेय! ते केस कापायला गेले तेवढ्यात अख्ख्या खिडकीला दुधी फिल्म चिकटवून टाकली. एक बुडबुडा नाही. खोलीत असा मऊ उजेड पडला, की माझं मलाच कौतुक वाटलं. बाबा आले, खिडकीपुढे जरा थांबले, "छान झालंय" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. म्हणे, उजेड टोचतो. आता टोचतो? माझा पारा चढला. यंत्र लावून बघितलं, तर पूर्वीच्या पावपटही उजेड नव्हता.

"हे काय खोटं बोलतंय का?" मी यंत्र त्यांच्या नाकासमोर धरलं.

"त्याला कुठं डोळे आहेत," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

जेवण अर्ध्यावर आलं. तेवढ्यात वन्संचा फोन, माझ्याकडे राहायला या म्हणून. एरवी लेकीला हजार सबबी सांगणारा हा माणूस लगेच म्हणाला, "ये रविवारी न्यायला. तिकडंच राहीन म्हणतो."

खरं सांगते, या घरात मी चिडल्यावर हसणारा तो एकच माणूस. आमचे हे नुसते मान डोलावतात. बाबा गेले तर मी चिडू कुणावर? पण विचारायचं कसं? माझंच काहीतरी चुकलं असणार, असं वाटून मी आपली कामाला लागले.

शनिवारी मोजपट्टी घरी विसरली म्हणून दुपारी परत आले, तर न्हाणीघरातून आरडाओरडा. "तोड! तोड! अरे उजवीकडं तोड, गाढवा!"

धावले. बघते तर बाबा स्टुलावर चढलेले, झरोक्याला नाक लावून. ऊन तर असं तोंडावर, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"अहो बाबा! पडलात म्हणजे?"

"थांब गं, फलाटाला घासतोय तो."

त्यांना खाली उतरवलं आणि मीच वर चढले. आधी नुसता झगझगाट. मग त्या इमारतीच्या बाजूला बसस्टँड दिसला. नवा ड्रायव्हर बस मागे घेत होता आणि त्याला स्टिअरिंग काही उजवीकडं तोडायला जमत नव्हतं. बाबांनी उभा जन्म बस चालवली. आणि मी, उजेडाची मोठी जाणकार, बाबांच्या त्या खिडकीतून बाहेर कधी बघितलंच नव्हतं.

"एवढं ऊन डोळ्यांत जात नाही तुमच्या?"

"कुठलं ऊन?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मी स्टुलावरून खाली उतरले. "मग फिल्म काढ म्हणून सांगायचं ना हो!"

"एवढं मायेनं लावलंस, बुडबुडासुद्धा नाही. काढ कसं म्हणू? आणि सांगणार काय? म्हातारा दिवसभर दुसऱ्यांच्या बस मागे घेतो? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणाली असतीस."

म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते.

गिऱ्हाइकाला सोमवारी येते म्हणून कळवलं आणि फिल्म ओरबाडून काढली. नखं दुखली, डिंकाचे डाग राहिले, राहू देत. बाबा खुर्चीत बसले, मी शेजारी. "तो निळ्या शर्टवाला चांगला आहे," ते सांगायला लागले, "पण घाई करतो. आता बघ, आरशात बघणार नाही. बघ, बघ!" खरंच नाही बघितलं मेल्यानं! मीही ओरडले. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसलं, तेव्हा कळलं की माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

रविवारी वन्सं आल्या. बाबा खिडकीतच. पिशवी भरलेली नाही, साधा शर्टही बदललेला नाही.

"बाबा, चला ना. ऊन बघा किती येतंय तोंडावर!"

"मला नाही जमायचं यायला. काम आहे."

"कसलं काम?"

बाबांनी एकदम माझ्याकडे बघितलं. तेवढ्यापुरते घाबरले होते बिचारे.

"रजा नाही त्यांना, वन्सं," मी म्हणाले. "बसा, चहा टाकते."